ठिपका गोल हाय सर

पडलं. बंदुकीवर बसवायचं ते नवं यंत्र हातातनं सुटलं आन् फरशीवर टणकन आपटलं, एकदा उसळलं आन् बाकाखाली गेलं. मला वाटलं आता मी बी पडते. पोर तितंच भिंतीला टेकून चहात बिस्कीट बुडवून खात हुती, ती म्हणली, "आई, धप्प!" मी म्हणलं, "गप, गप गं बाय, सांगू नको कुणाला." तीन वर्षांची पोर, तिला कोण विचारतंय, पण मी तिला हेच सांगितलं.

बाकाखाली हात घालून काढलं. काच फुटली नव्हती. एका कोपऱ्याचा काळा रंग मुगाच्या दाण्याएवढा उडाला हुता आन् आतलं पांढरं दिसत हुतं. सर कसं बटण दाबतात ते मी बघितलं हुतं, म्हणून दाबलं आन् डोळ्याला लावलं. आत लाल ठिपका पाहिजे, गोल. माझ्या डोळ्यापुढं आला तो ठिपका न्हवताच. डाळिंबाचा दाणा अंगठ्यानं चेंगरल्यावर कसा फुटतो, तसा फुटलेला, आन् त्याला एक शेपूट, तिरकं, वरच्या बाजूला. मी पुसलं, फुंकर मारली, परत बघितलं. फुटलेलाच. मी मोडलं. दुसऱ्याची वस्तू मोडली मी.

पिशवीत पोरीच्या काजळाची डबी हुती. बोटानं थोडं काजळ त्या पांढऱ्यावर लावलं, पुसून सारखं केलं, यंत्र डब्यात ठेवलं, डबा कपाटात ठेवला आन् झाडू हातात घेतला. सर जिना चढून वर आले तवा मी कोपरा झाडत हुते. कोपरा आधीच झाडून झालेला हुता.

हे छर्‍याच्या बंदुकीचं रेंज हाय, नेमबाजी शिकायची जागा, एका बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर. लांब हॉल, एका टोकाला कागदाची निशाणं. मी झाडते, पुसते, भोकं पडलेले कागद काढून नवे लावते, खाली पडलेले शिशाचे छर्रे चुंबकानं निघत न्हाईत म्हणून ब्रशनं गोळा करते. भिंतीवर नियमांचा बोर्ड हाय. पहिल्या दिवशी रेंज चालवणाऱ्या सरांनी मला तो मोठ्यानं वाचायला लावला. मी सातवीपर्यंत गेलेली, अडखळत अडखळत वाचला. त्यात एक ओळ हाय, वस्तू पडली तर लगेच सांगा, पडणं गुन्हा नाही, लपवणं गुन्हा आहे. सर म्हणले, "ही ओळ परत वाचा." मी परत वाचली. माझ्या आधी एक मावशी कामाला हुत्या, त्यांच्या हातनं एक रायफल पडली आन् त्यांनी ती गपचूप जागेवर ठेवली. त्याच दिवशी त्यांना काढलं. सर म्हणतात, बंदुकीच्या जागेवर एकदा लपवलं की त्या माणसावर इश्वास राहत न्हाय. बरोबर बी हाय ते. मी काय बरोबर न्हाय म्हणत न्हाय.

पण मला ती जागा सोडायची नव्हती. माझं माहेर जेऊरकडं, नवरा चाकणला कंपनीत, म्हैन्यातनं एकदा येतो, शिफ्ट सुटली तर फोन करतो. मी आन् पोर हितं एका खोलीत. आजूबाजूच्या सगळ्या बाया घरी विड्या वळतात आन् एकमेकीत तेलगू बोलतात. वाईट न्हाईत त्या, लई चांगल्या हायत, पोरीला भात देतात. पण त्या हसल्या की मला कळत न्हाय कशाला हसल्या. मी बी हसते. आधी मी बी विड्या वळायचे, दिवसभर मान खाली, आन् संध्याकाळी मला आठवायचं की सकाळपासनं मी पोरीशिवाय कुणाशी बोललेच न्हाय. रेंजवर बोलणं व्हतं. "ताई, कागद बदला." "ताई, पंखा लावा." "ताई, पोरगी मोठी झाली की." एवढंच. पण माझ्या भाषेत कुणीतरी मला बोलतंय. आन् पोरीला घेऊन यायला सर न्हाय म्हणत न्हाईत, दुसरं कोण घेईल असं कामाला?

ते यंत्र काकांचं हुतं. काका होटगीचे, रेल्वेत पॉइंट्समन हुते, रूळ बदलायचे, आता रिटायर. काकू गेल्यापासनं दर रविवारी रेंजवर यायचे, पोरीसाठी शेंगदाणे आन् गुळाचा खडा आणायचे. डाव्या डोळ्याचं त्यांना काय न्हाय, पण नेम धरायचा उजवा डोळा, त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तवापासनं बंदुकीच्या टोकाची बारकी खूण दिसंना. म्हणून त्यांनी हे रेड डॉट मागवलं. नळीवर बसवायचं, आत लाल ठिपका दिसतो, तो कागदावर जितं ठेवाल तितं छर्रा जातो. पार्सल सरांकडं आलं, सरांनी उघडलं, चालू करून बघितलं, आन् मला म्हणले, "पुसून ठेवा, काका रविवारी येतील." आन् मी पुसताना पाडलं.

रविवारी काका आले. जिन्यातनंच आवाज, "काय सर, आमचं बाळ आलं का?"

सर म्हणले, "आलंय. पाळण्यात झोपलंय."

बसवलं. काकांनी गाल टेकवला, डोळा लावला. लई येळ बघत राहिले. मी कागदाची थप्पी हातात घेऊन उभी, पोर पदराला लोंबकळत हुती.

"सर," काका म्हणले, "हा ठिपका हाय का झेंडूचं फूल?"

"का? काय झालं?"

"फुटलाय की ओ. पाकळ्या आल्यात त्याला."

मला वाटलं, झालं. आता बघतील, आता काजळ हाताला लागंल, आता संपलं. सरांनी बघितलं. परत बघितलं. "काका, एकदम गोल आहे. सुईच्या टोकासारखा."

"चेष्टा करता व्हय म्हाताऱ्याची?"

"शपथ, गोल आहे. ताई, इकडे या हो. तुमचे डोळे तरुण. तुम्ही सांगा."

मी गेले. डोळा लावला. फुटलेला, शेपटासकट, पहिल्यासारखाच. मला कळंना सर गोल का म्हणतात. मला वाटलं त्यांना सगळं ठाऊक हाय, आन् ते बघतायत मी काय बोलते. फुटलाय म्हणलं तर म्हणतील कधी फुटला, कुणी फोडला. माझ्या मागं दोघं उभे. मी म्हणलं, "ठिपका गोल हाय सर."

"बघा! दोन विरुद्ध एक," सर हसले.

काका बी हसले. म्हणले, "मग आमचंच इंजिन फेल." आन् मग त्यांनी आपला तळहात समोर धरला, एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला, परत पहिला. कुणाला दाखवायला न्हाय, आपलं आपणच. त्या दिवशी त्यांनी एक बी छर्रा मारला न्हाय. "ठेवा हे हितंच," म्हणले, "कुणाला दिसत असंल तर वापरा." पोरीला शेंगदाणे दिले आन् जिन्याचा कठडा धरून सावकाश उतरले. एरवी कठडा धरत न्हाईत.

पुढच्या रविवारी आले न्हाईत. त्याच्या पुढच्या बी न्हाय. सर म्हणले, "म्हातारा रुसला वाटतं." रोज कपाट पुसायचे तवा तो डबा दिसायचा. एका दुपारी सर जेवायला गेले हुते आन् मला राहवलं न्हाय. यंत्र काढलं, चालू केलं, आन् मोबाइलचा कॅमेरा त्याच्या काचेला लावून फोटो काढला. नवऱ्याला पाठवला. त्याला कंपनीत मशीनचं कळतं, तो सांगंल किती मोडलंय ते. दोन हप्ते मी एकटीच ते घेऊन फिरत हुते, कुणाला तरी दाखवायचं हुतं.

यंत्र ठेवायच्या आतच त्याचा फोन आला. "काय गं हे?"

"मोडलंय ना?"

"काय मोडलंय?"

"ठिपका बघ की. फुटलाय."

"अगं, गोल तर हाय. तुझ्या कपाळाची टिकली बी एवढी गोल नसती. डोळं दाखव जा कुणाला तरी." आन् हसला, आन् शिफ्टची बेल झाली म्हणून ठेवला.

मी फोटो उघडला. मोबाइलवर बोटानं मोठा केला. गोल. यंत्र डोळ्याला लावलं. फुटका. फोटो गोल, यंत्र फुटकं, फोटो गोल. मग मला सुचलं, यंत्र हातात धरूनच मी ते आडवं फिरवलं, मग उलटं केलं. यंत्रात बिघाड असंल तर शेपूट बी फिरायला पाहिजे की. शेपूट फिरंना. यंत्र उलटं झालं तरी शेपूट तिरकं वरच. मग ते शेपूट यंत्रात न्हाय. माझ्यात हाय.

आन् मग मला संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेतले पाळण्याचे लाइट आठवले. मला ते आयुष्यभर असेच दिसले, किरणं फुटलेले, दोऱ्या लोंबल्यासारखे. रस्त्यावरचा दिवा, रिक्षाचा दिवा, सगळे. मला वाटायचं दिवा असाच असतो. सगळ्यांना असाच दिसतो. कोण कुणाला विचारतं, तुला दिवा कसा दिसतो म्हणून?

म्हणजे मी काय बी मोडलं नव्हतं. पण आनंद व्हायच्या आधीच मला काका दिसले, तळहात समोर धरून एक एक डोळा मिटणारे.

मी सरांना आडून विचारलं. "सर, एखाद्याला तो ठिपका खरंच फुटका दिसत असंल तर?"

सर म्हणले, "असतात असे डोळे. डोळ्याचा समोरचा भाग चेंडूसारखा गोल नसतो, थोडा अंड्यासारखा असतो. चष्म्याच्या दुकानात त्याला तिरका नंबर म्हणतात. ऑपरेशननंतर कधीकधी येतो." मग ते थांबले. मला वाटतं त्यांना बी तवाच सुचलं. "अरे, काकांचं ऑपरेशन झालंय की. मी गाढव. अशा माणसाला रेड डॉट द्यायचंच नसतं, प्रिझम द्यायचं."

"ते काय असतंय?"

"रेड डॉटमध्ये उजेडाचा ठिपका काचेवर पाडलेला असतो, डोळा तिरका असेल तर तो पसरतो. प्रिझममध्ये खूण काचेवरच कोरलेली असते. सेल संपला तरी काळी दिसते. आणि मागे एक कडं असतं, ते फिरवून आपल्या डोळ्याला जमवायचं." मग म्हणले, "पण डोळा अगदी ठरलेल्या जागीच ठेवावा लागतो, इकडे तिकडे हलला की अंधार. आणि जड असतं. काका फोन उचलत नाहीत, कसं सांगायचं?"

मी म्हणलं, "मी जाते होटगीला."

मी का म्हणलं मला ठाऊक न्हाय. एस्टीत पोर मांडीवर झोपली आन् मी सारखी पुटपुटत हुते काय बोलायचं ते, शेजारची बाई माझ्याकडं बघाय लागली.

काकांचं दार उघडंच हुतं. आत काका भिंतीला एक हात लावून चालत हुते, डोळे मिटून. स्वयंपाकघरापर्यंत गेले, चाचपून तांब्या घेतला, पानी ओतलं, थोडं सांडलं. परत फिरले. डोळे उघडले तवा मी दारात.

"काका, हे काय करताय?"

ते लाजले. "सवय करतोय. पुढं उपयोगी पडंल. नोकरीभर डोळ्याच्या परीक्षा दिल्या पोरी, एकदा बी नापास झालो न्हाय. आता त्या लहान ठिपक्यानं नापास केलं. एकटा माणूस, दिसंना झालं तर चूल कोण पेटवंल?"

मी उभ्या उभ्याच सगळं बोलले. मला बी फुटलेला दिसतो, तिरका नंबर म्हणतात, आंधळं होत न्हाय, प्रिझम म्हणून हाय, काचेवर कोरलेलं. एका दमात. काका ऐकत राहिले. मग हसले, डोळ्यात पानी आलं त्यांच्या. "तुला बी फुटलेला दिसतो?"

"व्हय."

"पाकळ्या?"

"एक शेपूट. तिरकं."

"माझ्या तीन पाकळ्या." जसं काय आमी घरच्या गाईंबद्दल बोलत हुतो. मग त्यांचं हसू हळूहळू गेलं. "मग त्या दिवशी गोल का म्हणलीस?"

तवा मी पडल्याचं सांगितलं. काजळाचं सांगितलं. काकांनी आपल्या अंगठ्याकडं बघितलं. "म्हणून माझ्या बोटाला काळं लागलं हुतं. मी म्हणलं नव्या वस्तूचा रंग जातोय." पोर तांब्यातलं पानी हातानं उडवत हुती, त्यांनी तिला काय म्हणलं न्हाय.

"वस्तू पडली त्याचं काय न्हाय," ते म्हणले. "पण तीन आठवडे मी हितं भिंती मोजतोय, पोरी. एक शब्द बोलली असतीस, मला बी फुटका दिसतो म्हणून, एवढाच."

"मला काढतील काका."

"मी सांगणार न्हाय. ते तुझं तू सांग. पण सरांनी मला विचारलं तर मी खोटं बोलणार न्हाय." चहा करू का म्हणले न्हाईत. आमी उठलो.

रविवारी आले. सरांनी दोन प्रिझम आणून ठेवले हुते, एक दुसऱ्या मेंबरचं, एक दुकानातनं दाखवायला आणलेलं. पहिलं तिप्पट मोठं करणारं. काकांना आधी तेच आवडलं, "केवढा मोठा कागद दिसतोय!" म्हणले, पण आपला कागद फक्त दहा मीटरवर, इतक्या जवळचं त्यात धुरकट दिसतं, कडं कितीबी फिरवा. दुसरं मोठं न करणारं. सरांनी कडं सावकाश फिरवलं, "आता? आता?" आन् काका एकदम म्हणले, "थांबा! थांबा हितंच. रेघा दिसल्या. ब्लेडनं कापल्यासारख्या." सरांनी डोळ्याचं अंतर मोजून दाखवलं, म्हणले स्प्रिंगची बंदूक हिसका देते, डोळा लई जवळ नेला तर भुवईला लागंल. चष्म्याचं बी सांगितलं, चष्म्यानं पाकळ्या कमी होतील पण ह्या वयात सगळ्या जाणार न्हाईत, तर हेच बरं. काकांनी पाच छर्रे मारले. पाचवा मधल्या गोलाला लागला तवा त्यांनी मागं वळून बघितलं, सवयीनं, माझ्याकडं. मग नजर काढून घेतली.

सर खुशीत हुते. कपाटातनं तो डबा काढला आन् मला म्हणले, "ताई, काकांनी हे रेंजला दिलंय. तुमचा हात किती स्थिर आहे ते मी बघतो, विड्या वळलेले हात. आणि तुम्हाला ठिपका एकदम गोल दिसतो. उद्यापासून काम झालं की रोज अर्धा तास तुम्ही शिका. फी वगैरे काही नाही. बायकांच्या स्पर्धेला उतरवू आपण."

मला कुणी आजपर्यंत असं काय शिकवतो म्हणलं नव्हतं. शाळा सुटल्यापासनं न्हाय. मला पाहिजे हुतं, लई पाहिजे हुतं, रोज मी ते छर्रे गोळा करते आन् मनात नेम धरते. सर डबा पुढं करून उभे. काका बंदूक पुसत हुते, हात थांबला हुता त्यांचा. दोन शब्द बोलायचे हुते, मला बी फुटका दिसतो, मला बी प्रिझम लागंल. पण त्या दोन शब्दांच्या मागं प्रश्नांची सगळी रांग हुती, का गोल म्हणलं, काय लपवलं.

मी म्हणलं, "न्हाय सर. पोर लहान हाय. मला न्हाय जमायचं."

सर म्हणले, "विचार करा." काकांनी बंदूक पिशवीत घातली, पोरीला शेंगदाणे दिले, आन् गेले. आता बी दर रविवारी येतात, पोरीशी बोलतात. माझ्याशी "कागद लावा" एवढंच. आधी पोरी म्हणायचे, आता ताई म्हणतात, आवो-जावो करतात.

सरकारी दवाखान्यात डोळे दाखवले. तिरका नंबर निघाला, दोन्ही डोळ्यांचा. चष्मा केला. पहिल्यांदा घातला तवा गल्लीतला दिवा नुसता एक दिवा दिसला, बारका, गोल, त्याला काय बी लोंबत नव्हतं, आन् मला उगंच रडू आलं, शेजारणी तेलगूत विचाराय लागल्या काय झालं म्हणून, मी हसले. तो चष्मा मी घरात घालते, बाजारात घालते. रेंजचा जिना चढताना काढते आन् पिशवीत ठेवते, सरांनी कसला नंबर म्हणून विचारलं तर काय सांगू? पोर रोज विचारती, "आई, डोळे का काढले?"

सर अजून म्हणतात, विचार करा ताई, जागा हाय स्पर्धेत. काका ऐकत असतात. मी कागद लावत असते. सांगितलं तर शिकायला बी मिळंल कदाचित, न्हायतर दुसऱ्या दिवसापासनं परत ती खोली, ते मान खाली घालून बसणं, आन् पोरीशिवाय कुणी न्हाय. गप राहिलं तर जागा राहती, पण मी तिथं असून नसल्यासारखी. तुमी म्हणाल सांगायचं सरळ. तुमच्या मागं कोण उभं असंल म्हणून तुमी म्हणाल. पण हातात पोर, नवरा चाकणला, बोलायला सगळ्या शहरात दोन माणसं, त्यातलं एक आधीच तुटलेलं, असं असतं तर? सांगा की मला, तुमी काय केलं असतं?